पेटी घेऊन या

आधी तळहात. बोटं पसरून तळहात वस्तूवर टेकवायचा, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची आणि निर्णय द्यायचा, "येथें बोलतें." वस्तू कोणतीही चालायची. जिन्याचा कठडा, रिक्षाचा पत्रा, पाण्याची मोटर, देवळातली समई. माझ्या नवऱ्याला खोकला झाला होता तेव्हा त्याच्या पाठीवरही हाच हात पडला आणि हाच निर्णय मिळाला. नंतर डॉक्टरांनी एक्स-रे बघून तीच जागा दाखवली, पण तो योगायोग होता असं मी अजूनही मानते. एवढं श्रेय दिलं तर हात ठेवणारे आमचे खालच्या मजल्यावरचे मामा असतील तिथे फुगून बसतील.

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही सामान टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत म्हातारा. वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं पांढरं धोतर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी घडी घातलेली लग्नपत्रिका. मला वाटलं, आल्या आल्या जेवणाचं आमंत्रण आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरले, फ्रिजवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "येथें बोलतें." मग पत्रिकेचा कोपरा फाडला, दुमडला आणि खाली वाकून फ्रिजच्या मागच्या पायाखाली सारला. सकाळपासून कुरकुरणारा फ्रिज गप्प झाला.

"खालीं माझ्या छतांत येत होतें," ते म्हणाले. "आतां तुमचें नांव सांगा मा."

हे 'मा' म्हणजे तमिळमधलं लाडाचं शेपूट. चेन्नईत भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळे ते बायकांना लावतात. पण त्याच्या आधीचं वाक्य चक्क मराठी होतं, आणि मी नाशिकहून आलेली बाई पदर नसताना पदर सावरल्यासारखी सावध झाले. मामा तंजावरकडचे. त्यांची मराठी कितीतरी पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरली ती तिथेच राहिली. आपण शाळेत अनुस्वार गाळायला शिकलो. मामांच्या बोलण्यात ते सगळे ऐकू यायचे. त्यांनी 'दूध संपलें' म्हटलं तरी मला कुठला तरी किल्ला पडल्याची बातमी आल्यासारखं वाटायचं. उलट माझी मराठी ऐकून ते म्हणाले होते, "तुमचें हिंदी चांगलें आहे." मी भडकले. त्यांना ते फार आवडलं. त्यानंतर महिनाभर मी दिसले की ते हिंदीबद्दल विचारायचे.

मामा हे त्यांचं आमच्यापुरतं नाव. आपल्याकडे एखाद्याला मामा बनवावं लागतं. चेन्नईत केस पांढरे झाले की माणूस आपसूक मामा होतो आणि त्याची बायको मामी.

नोकरी त्यांनी गिंडीच्या एका कारखान्यात केली. तिथे मोटारींची दारं, सीटा, आतले पत्रे बनायचे. नवी गाडी खडबडीत रस्त्यावर फिरवायची, मामांनी आत बसायचं आणि कुठे काय खुळखुळतं ते हात लावून शोधायचं, एवढंच काम. शोधायचं आणि बंद करायचं. जन्मभर आवाज मारण्याचा पगार घेतला, असं ते स्वतःच सांगायचे. आणि संध्याकाळी हाच माणूस लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा.

बेस गिटार तुम्ही पाहिली असेल. ऐकली असेल की नाही, याची खात्री मी देत नाही. लांब मानेची, चार जाड तारांची ती गिटार. स्टेजवर गाणारी बाई पुढे असते, ढोलकवाला घामाघूम असतो, आणि मागे एक माणूस गिटार घेऊन बँकेत नंबर लागायची वाट बघत असल्यासारखा उभा असतो. तो बेसवाला. तो वाजवतो तोवर कुणाला पत्ता नसतो. ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्याला नवरदेवाच्या आत्याने "तुम्ही मायकवाले ना?" असं विचारणं ठरलेलं. मामांना ते इतक्या वेळा विचारलं गेलं होतं की शेवटी शेवटी ते 'होय' म्हणून मायक सरळ करून द्यायचे.

आता मामींचं ऐका. मामी ठेंगण्या, गोल, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला त्यांच्या घरी कोणती भाजी आहे ते कळावं. लग्न झाल्यावर त्या पहिल्यांदा नवऱ्याचा कार्यक्रम बघायला गेल्या. पुढे काय झालं ते त्यांनी मला मामांच्या देखत, कोबी चिरता चिरता सांगितलं.

"गाणारा ऐकूं आला. बासरी ऐकूं आली. तबला ऐकूं आला. हे मागें उभे राहून नुसतीं बोटें हालवत होते. मला वाटलें, ह्यांना कोणी दया करून उभें केलें आहे."

"हॉलचे डबे तसे होते!" मामा ओरडले. हॉलमधल्या स्पीकरांना ते डबे म्हणायचे. "खालचा स्वर त्या डब्यांतून निघतच नाही! मीं वाजवत होतों!"

"असेल," मामी म्हणाल्या आणि कोबीचा पुढचा गड्डा घेतला.

हे भांडण त्यांच्या लग्नाइतकं जुनं होतं. मामी पुढेही अनेक कार्यक्रमांना गेल्या, प्रत्येक वेळी तेच डबे, प्रत्येक वेळी तीच बोटं. मामांनी सगळं आयुष्य बायकोसमोर गिटार वाजवली आणि तिला एकदाही ती ऐकू आली नाही. मला आधी हे फार विनोदी वाटलं. अजूनही वाटतं. पण कोबी चिरून झाल्यावर मामा उठून आत गेले तेव्हा त्यांची पाठ मी पाहिली, आणि ह्या माणसाला जगाकडून दुसरं काहीही नको आहे हे मला कळलं. बायकोने एकदा ऐकलं पाहिजे, बस्स.

मग ऑर्केस्ट्राच्या मालकाचा फोन आला. नवा की-बोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवतो, मामांनी आता विश्रांती घ्यावी. मामांनी फोन ठेवला आणि मामींना सांगितलं, "माझें काम आतां एका डाव्या हातानें होतें."

"सरि," मामी म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "तुम्ही उजव्या हातानें भाजी आणा."

दुसऱ्या दिवशी खाली प्लायवूड येऊन पडलं.

बिल्डिंगच्या आवारात एक पत्र्याची शेड होती. कधीकाळी तिथे कुणाची तरी गाडी असायची. मामांनी ती बळकावली. मी ऑफिसातून आले की करवतीचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "पेटी करितों आहें."

"अय्या, तुम्हाला पेटी वाजवता येते?"

"पेटी कशी वाजवायची मा? पेटींतून वाजतें."

माझ्या नाशिकच्या डोक्यात पेटी म्हणजे भाता, पट्ट्या, भजन. त्यांच्यासाठी पेटी म्हणजे खोकं, तमिळमध्येही तेच. आणि हे खोकं बेस गिटारच्या स्पीकरचं होतं. हॉलच्या डब्यांवर मामांनी जन्मभर जो दात धरला होता, त्याचं हे उत्तर होतं. खालचा स्वर पोटभर बाहेर काढणारी, स्वतःच्या हाताने केलेली पेटी. पुढे कित्येक महिने सकाळ-संध्याकाळ हा एकच शब्द कानावर पडत राहिला, आणि माझ्याही तोंडी पेटी म्हणजे तीच पेटी होऊन बसली. हे लक्षात ठेवा, पुढे त्याने घोटाळा केला.

स्पीकर रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून आला. परातीएवढा. रिक्षातून येताना मामांनी तो मांडीवर धरला होता आणि मामींना मागून बसने यायला लावलं होतं. प्लायच्या फळ्या जोडल्या, आतून आडव्या पट्ट्या ठोकल्या, कोपऱ्याकोपऱ्यात गोंद भरला. पेटीतून वारा नको तिथून निसटता कामा नये, ह्याचं त्यांना वेड लागलं होतं. आत भरायला कापूस हवा म्हणून मामींची उशी गेली. आवाज घुमतोच आहे म्हणून दुसरी गेली. मामींची मान आखडली तेव्हा मामांनी हळहळ व्यक्त केली आणि पाहुण्यांच्या उशांची चौकशी केली.

खरी गंमत पाईपची. अशा पेटीला पुढून एक भोक असतं आणि भोकात आतल्या बाजूने पाईप बसवतात. "पेटीला श्वास पाहिजे," मामा म्हणायचे. पाईप लांब तर पेटीचा स्वर खोल, आखूड तर वर. नळाचा साधा प्लास्टिकचा पाईप, पण तो जरा जरा कापत योग्य लांबीवर आणायचा, आणि एकदा जास्त कापला की कापला. मामांनी जास्त कापला. नवा आणला, तोही जास्त कापला. गाड्यांचा नको तो आवाज शोधणारा हा थोर माणूस हवा तो आवाज शोधताना अगदीच कच्चा निघाला. प्लंबिंगच्या दुकानदाराने शेवटी विचारलं, "मामा, तुमच्या घरात बाथरूम आहेत तरी किती?"

पाईप जुळला की नाही हे बघायला त्यांची एक रीत होती. पाईपच्या तोंडासमोर उदबत्ती पेटवून ठेवायची. मग गिटारवर खालून एकेक स्वर वर चढायचा. एरवी स्पीकरचा कागदी शंकू थडथड हलतो. पण पेटीचा स्वतःचा स्वर आला की शंकू जागच्या जागी उभा राहतो आणि सगळा श्वास पाईपमधून येतो. उदबत्तीचा धूर थरथरायला लागतो. "शंकू गप्प, पाईप बोलतो. तेव्हां पेटी लागली," असं ते सांगायचे, आणि वेष्टी खोचून उदबत्तीसमोर पालथे पडायचे. आमची कामवाली रोज येता-जाता त्या खोक्याला नमस्कार करू लागली. एकदा तिने फूलही वाहिलं. मामांनी ते काढलं नाही, फक्त पाईपच्या तोंडातून बाजूला सरकवलं.

ह्या काळात बिल्डिंगची दशा विचारू नका. तो खालचा स्वर भिंतींमधून वर चढायचा. एका स्वराला माझे स्टीलचे डबे नाचायचे, दुसऱ्याला समोरच्यांची खिडकी, तिसऱ्याला सोसायटीच्या सेक्रेटरींच्या शोकेसमधली बक्षिसं. सेक्रेटरी भांडायला खाली आले. मामांनी त्यांचं बोलणं मन लावून ऐकलं, आनंदाने उजळले, आणि लग्नपत्रिका घेऊन त्यांच्याच घरी गेले. शोकेसवर तळहात ठेवला. "येथें बोलतें." कोपरा फाडला, दुमडला, काचेच्या खाचेत सारला. असं करत त्यांनी सगळी बिल्डिंग फिरून काढली. मूळ आवाज सोडून बाकीचे सगळे आवाज बंद करून दिले, आणि लोक चक्क त्यांना कॉफी पाजून परत पाठवायला लागले.

पेटी लागली. मला शेडमध्ये बोलावून त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली. कानाला फार काही आलं नाही. पायाखालच्या फरशीतून काहीतरी वर आलं आणि छातीत जाऊन बसलं. मी दचकले. मामा माझ्याकडे असे बघत होते की परीक्षेचा निकाल माझ्या हातात आहे.

"मामींना बोलवा ना," मी म्हटलं.

मामी आल्या, उभ्या राहिल्या, ऐकलं. "धम् धम् होतें," म्हणाल्या. "शेजारीं घर पाडतात तेव्हांही होतें. तें काय गाणें आहे?" आणि डाळ लागेल म्हणून निघून गेल्या.

ह्यावर मामा रागावतील असं मला वाटलं होतं. ते पेटीवर बसले आणि म्हणाले, "ती बरोबर आहे. हें एकटें गाणें नव्हे. वरतीं कोणी गाईल तर हें गाणें. मला आतां कोण गाण्याला बोलवितें?"

आता आमचा गणपती. आम्हा नोकरीसाठी आलेल्या मराठी लोकांनी मिळून एग्मोरला भाड्याच्या हॉलमध्ये बसवलेला. अर्धे आयटीतले, अर्धे मोटारींच्या कंपन्यांतले. मुलं आरती इंग्रजी अक्षरांत लिहून आणतात. आरतीची चाल सगळ्यांना येते पण वेग प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे पुढचे दुसऱ्या कडव्यात असताना मागचे पहिल्यातच देवाला आळवत असतात. आमचे कार्यवाह शिस्तीचे. त्यांचा मला फोन आला.

"तुमच्या त्या खालच्या मामांची पेटी झाली का हो तयार? तुम्ही मागे सांगत होतात."

"झाली की."

"वाजते कशी?"

"अहो, बिल्डिंग हलते."

"वा वा! आपले नेहमीचे गृहस्थ यंदा मुलीकडे पुण्याला गेलेत. मग मामांना सांगा, आरतीला पेटी घेऊन या."

मी तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. मामा दारात उभे होते. त्यांनी हात बाजूच्या भिंतीवर टेकवला, पण डोळे उघडे होते. मग एवढंच विचारलं, "गाणें असेल नं?"

"शे-दोनशे माणसं गातील, मामा. बेसूर गातील, पण गातील."

ते आत वळून ओरडले, "ऐकलेंस काय? पेटीला आमंत्रण आलें आहे! तूंही येत आहेस!"

गणपतीच्या दिवशी मी हॉलमध्ये आधी पोचले. कार्यवाहांनी मूर्तीच्या बाजूला छोटी गादी घातली होती, वर पांढरी चादर, समोर बसक्या उंचीचा मायक. फार सुबक मांडणी होती. मी बघितली आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. तेवढ्यात दारात छोटा टेम्पो थांबला. ह्या टेम्पोला चेन्नईत कुट्टी यानै म्हणतात, म्हणजे हत्तीचं पिल्लू. पोरं "गणपतीला हत्ती आला" म्हणून धावली. मागे दोरांनी बांधलेली मामांची पेटी उभी, तिला धरून इस्त्रीच्या शर्टातले मामा. ड्रायव्हरशेजारी मामी. कांजीवरम नेसलेल्या, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा, चेहरा नवऱ्याने केलेल्या सगळ्या अपराधांची आठवण असल्यासारखा.

पेटी उतरवायला चौघे लागले. तिला धरायला कडीच नव्हती. "कडी लावायची तर भोक पाडावें लागतें," मामा सांगत होते, "वारा निघून जाईल." आमच्या चार इंजिनियरांनी त्या खोक्याला मिठ्या मारून ते आत आणलं.

कार्यवाह माझ्या कानाशी आले. "हे कपाट कसलं? आणि पेटी कुठाय?"

"हीच पेटी."

"अहो पेटी! पेटी! सा रे ग म!" त्यांनी हवेत भाता मारून दाखवला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गादी दिसली, बसका मायक दिसला. कार्यवाह म्हणत होते की हे आरतीत चालणार नाही, लोक काय म्हणतील, हे आताच्या आता परत पाठवा. आणि मी वळून बघितलं तर मामा मागेच उभे होते. गिटार गळ्यात होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग मीं वाजवूं नको काय?" त्यांनी विचारलं. कार्यवाहांना नाही, मला. पुढच्या रांगेत खुर्चीवर मामी बसून होत्या. आज बोटं हलतात की वाजतं, ते बघायला त्यांना इथवर आणलं होतं, आणि मामा आता त्यांना काय सांगणार होते?

मला राग आला की माझी मराठी सुधारते. मी कार्यवाहांना म्हटलं, "परत पाठवायचीये ना? उचला. कडी नाहीये."

त्यांनी पेटीकडे बघितलं, घामाघूम इंजिनियरांकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता. मामींकडेही बघितलं. "एक आरती," ते म्हणाले. "आणि हळू."

मामांनी गादीवरची चादर नीट घडी करून बाजूला ठेवली. मग कार्यवाहांच्या खांद्यावर तळहात ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही पेटी मागितली. मीं पेटी आणली. कोणाचेंही मराठी चुकलें नाहीं."

आरती सुरू झाली. मामांची बोटं हलू लागली. खरं सांगू का? मला काहीच ऐकू आलं नाही. टाळ ऐकू आले, टाळ्या ऐकू आल्या, पोरांचं किंचाळणं ऐकू आलं. एवढंच जाणवलं की आज कुणी पळत नाही. मागचे मागे राहत नव्हते, पुढचे पुढे जात नव्हते. सगळ्यांच्या टाळ्या एकाच जागी पडत होत्या. मी मामींकडे बघत होते. मामी मूर्तीकडे बघत होत्या, ढिम्म. मामा देवाकडे पाठ करून मामींकडे बघत होते. दुसरं कडवं गेलं, मामी हलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, गेलं हेही. उद्या कोबी चिरताना पुन्हा तेच.

आणि तेवढ्यात हॉलच्या मागच्या खोलीत कुणीतरी मोदकांसाठी विजेचं मोठं उकडपात्र लावलं. त्या लाइनीचा फ्यूज उडाला. दिवे चालू, मायक चालू, फक्त मामांची पेटी मेली.

जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. आरती चालू होती पण तिच्याखालून काहीतरी काढून घेतलं होतं. टाळ्या विस्कटल्या. लोक इकडे तिकडे बघायला लागले. कडवं संपून पुढचं सुरू व्हायच्या मधल्या श्वासात मामी खुर्चीत अख्ख्या बाजूला वळल्या, आणि तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या आवाजात नवऱ्याला म्हणाल्या,

"का थांबलांत?"

सगळ्या हॉलने ऐकलं. मामांची बोटं मेलेल्या तारांवर तशीच होती. त्यांनी चष्मा काढला, वेष्टीच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि परत काढून परत पुसला. मला तर सरळ रडू आलं, आणि मी ते उदबत्तीच्या धुरावर ढकललं.

मग मागच्या खोलीकडे धावणारे आमचे शिस्तीचे कार्यवाह दिसले. "काढा ते उकडपात्र!" ते ओरडत होते. "मोदक राहू द्या! आधी पेटी!"

परत जाताना मामींनी सगळं झटकून टाकलं. त्यांना म्हणे वाटलं होतं की हॉलचा पंखा बंद पडला. मामांना त्याने काही फरक पडला नाही. त्यांनी आठवडाभर बिल्डिंगमध्ये दारोदार जाऊन 'का थांबलांत' करून दाखवलं, मामींच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट. सेक्रेटरींना दोनदा दाखवलं. पेटी मात्र घरी आली नाही. ती पुन्हा उचलायची कुणाची तयारी नव्हती, आणि कार्यवाह म्हणाले, पुढच्या वर्षी लागेलच की. हॉलवाल्यांनी ती घडीच्या खुर्च्यांशेजारी ठेवून घेतली.

पोंगल झाल्यावर मामा आजारी पडले. मी हॉस्पिटलात गेले तेव्हा ते नळ्यांमध्ये गुंडाळलेले होते आणि डाव्या हाताचा तळवा शेजारच्या कपाटावर होता. "मशीन बोलतें तें ठीक," ते म्हणाले, "कपाट कशास बोलतें?" त्यांचा शर्ट मामींनी घरी नेला होता, खिसा नव्हता. मी पर्समधून एक आमंत्रण काढलं, कोपरा फाडला, दुमडला आणि कपाटाच्या पायाखाली घातला. त्यांनी डोळे मिटून तपासलं. "अजून थोडें आंत," म्हणाले. मी थोडं आत सारलं. त्यांच्याशी माझं तेवढंच शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात ते गेले. मला त्यांची आठवण येते, विशेषतः फ्रिज गप्प असतो तेव्हा, आणि तो कायमच गप्प असतो.

पुढच्या गणपतीला पुण्याला गेलेले गृहस्थ परत आले होते. गादी, चादर, बसका मायक, आणि भात्याची खरी पेटी, सगळं जिथल्या तिथे. मामांची पेटी कोपऱ्यात होती. तिच्यावर कुणीतरी फुलाफुलांचं कापड घालून मोदकांचं स्टीलचं ताट ठेवलं होतं. उंचीला बरी पडत होती. मामींना मी आग्रहाने घेऊन गेले. आरतीला त्या पेटीच्या कोपऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या, मी त्यांच्या शेजारी.

आरती सुरू झाली, आणि ती पुन्हा पहिल्यासारखीच पळायला लागली. ढोलकीवर थाप पडली तसं ताट खणखणू लागलं. थाप पडली की खणखण. मला कारण माहीत होतं. ढोलकीच्या घुमाऱ्याने पेटीतला शंकू हलत होता, कुठलीही वायर जोडलेली नसताना. मामांना हे ताट क्षणभर सहन झालं नसतं. त्यांच्यानंतर मीही पर्समध्ये लग्नपत्रिका ठेवते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. मी ती काढली, कोपरा फाडला, दुमडला आणि ताटाखाली सारायला वाकले.

माझ्या मनगटावर मामींचा हात आला. दुसऱ्या हाताचा तळवा, बोटं पसरून, त्यांनी पेटीवर टेकवला होता. डोळे मिटलेले होते.

"राहूं दे मा," मामी म्हणाल्या. "बोलूं दे."